ढगाखालचे चौकोन

नेरुळच्या ऑफिसात माझ्या शेजारी खाडीकाठच्या सारसोळे गावचा एकजण बसतो. उपग्रहाच्या फोटोतला एकेक चौकोन पाणी, खारफुटी की वस्ती, हे प्रोग्राम लिहून ठरवणं आमचं काम. प्रोग्राम चालू केला की तो स्क्रीनकडे पाठ फिरवून बसतो. भात शिजताना झाकण उघडू नये, म्हणतो.

परवा फोटोत खाडीकाठचे काही चौकोन ढगाखाली गेले. त्याने ते रिकामेच ठेवले. साहेब वैतागले. "आजूबाजूला पाणी आहे ना? मग पाणीच भरा!"

"ढगाखालचं दिसलं नाय, सर."

साहेबांकडून नकाशा तीनदा परत आला. शेवटी मीच म्हटलं, "अरे, तिथं तुझं घर आहे. वस्ती लिही आणि मोकळा हो."

"घर हाय," तो म्हणाला. "पन ते मला ठाव. फोटोला नाय."