नाव नाही, नुसता नंबर

लेकीच्या घरचं फुकट घ्यायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. जावयानं त्याच्या इलेक्ट्रिक रिक्षातून माझ्या स्कूटरला चार्जिंगची वायर लावली, तरी मी फोन काढून ॲपवर रीतसर पैसे चुकते केले.

"माय, घरातल्या घरात पैसे काऊन देऊन राह्यली?" लेक हसली.

तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं. "सापडली तं पाय तोडतो तिचे," असं माझा दीर चारचौघांत म्हणायचा. म्हणून ती दोघं इचोड्यात खोली घेऊन राहत होती आणि पत्ता फक्त मला ठाऊक होता. बेल्याजवळच्या आमच्या गावाहून मी दर रविवारी जायचे. पोचेपर्यंत बॅटरी संपत आलेली असायची.

गाड्यांनी एकमेकींना करंट विकायची योजना एका कंपनीनं आमच्याकडे आणली होती. ब्लॉकचेन म्हणे! सौदा कुठं झाला, केव्हा झाला, ते सगळ्या सभासदांच्या फोनमध्ये उमटतं. कुणाला खोडता येत नाही, म्हणून फसवणूक नाही. आणि नाव कुठंच नाही, नुसता नंबर. मी शाळेत शिकवणारी बाई, मलाही ते पटलं.

पण दीरही सभासद. एकदा गावात लाइट नव्हती तेव्हा त्याच्याच गाडीवरून मी चार्ज घेतला होता. तेवढ्यानं माझा नंबर त्याला कळला. मग बसल्या जागी त्यानं माझे सगळे रविवार वाचून काढले. तोच नंबर, तीच इचोड्याची गल्ली, तीच रिक्षा. माणसं घेऊन तो तिच्या दारात गेला, रिक्षाची काच फोडली, नको नको ते बोलला. घरमालकानं दुसऱ्याच दिवशी खोली खाली करायला लावली.

मी तणतणत आदिलाबादला कंपनीच्या ऑफिसात गेले. "माझे सौदे पुसून टाका," म्हटलं.

तिथला साहेब गोड हसला. "मॅडम, पुसता येत नाही, हीच तर याची खुबी. आणि नाव कुठं दिलंय आम्ही?"

खुबी! माझ्या अंगाची आग झाली. अहो, गावात इलेक्ट्रिक स्कूटरी मोजून दोन, नंबरामागे लपणार कोण? एवढं शिकून तुम्हाला हे सुचलं नाही, की सुचूनही गप्प बसलात? बाई कुठं जाते, कुणाच्या दारात थांबते, हे गावभर वाटायचं आणि वर नाव नाही म्हणून मिरवायचं!

नंतर लेकीचा फोन आला. "माय, आमी दुसरीकडं राह्याले आलो. कुठं, थे नाई सांगत तुले. राग नको धरू."

तिचा राग आला नाही, त्या साहेबाचा आला. तिचा नवा पत्ता मला ठाऊक नाही. जुना मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, कायमचा.