डावा खांदा

बिबवेवाडीत एका दुकानावरच्या खोलीत आमचा रविवारचा चित्रकलेचा वर्ग भरायचा. माणसाचं शरीर काढायला शिकायचं, तर समोर माणूस हवा. त्या दिवशी ठरलेल्या बाई आल्या नाहीत, म्हणून सरांनी मलाच स्टुलावर बसवलं. फरशीवर कायम कोळशाची भुकटी, त्यामुळे चपला पायातच होत्या.

"सरळ बस गं," सर दोनदा म्हणाले. मी सरळच बसले होते.

वेळ संपल्यावर उठून एकेकाचा कागद पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. प्रत्येकाने माझा डावा खांदा पाडला होता. डावा हात मांडीवरून घसरून लोंबत होता.

"इतकी वाकडी दिसते का मी?"



आता सर सगळ्यांना झाडतील, असं वाटलं. "हा हात आहे की दुधी भोपळा?" असं सहज विचारणारा माणूस. त्यांनी नेहमीसारखा उभी रेघ तपासायचा, वजन बांधलेला दोरा एका कागदासमोर धरला, मग दुसऱ्यासमोर, मग माझ्यासमोर. दोरा गुंडाळून खिशात टाकला. एकाही रेघेला हात लावला नाही.

वर्गात झाडून सगळ्यांना अरेतुरे करणारे सर मला म्हणाले, "अहो, जरा बसता का?"

"का?"

त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. माझी डावी चप्पल तिथेच पडली होती. एका पायाने अनवाणी मी अख्खी खोली फिरून आले होते, आणि त्या पायाला फरशीचा गारवा जाणवलाच नव्हता.