पंप, पॅनल आणि माझी व्रतं

देवघरात निर्माल्य साठत जातं, तसे काही फजितीचे किस्से साठतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. माझे तर सगळे एकाच लॅबमधले!

उमापूरच्या अलीकडचं आमचं गाव. पाण्याचा नवा पंप बसला. बचत गटाच्या बायका परीक्षा पास झाल्या तर पंपघर त्यांच्याकडे, नाही तर ठेकेदाराच्या माणसाकडे. तो पाणी कधी सोडील याचा नेम त्यालाही नसतो. म्हणून मी आणि माझी थोरली जाऊ, मंगलअक्का, इंजिनिअरिंग कॉलेजच्या पंप लॅबमध्ये शिकायला निघालो.

*

पहिल्या दिवशी सरांनी पॅनल दाखवलं. टाकी भरून पाणी सेन्सरच्या कांड्यांना लागलं, की मोटार आपोआप बंद. तेवढ्यात सरांचा फोन आला आणि ते बाहेर गेले. सुरुवात कोरडी नको, म्हणून मी नारळ फोडून पाणी सगळीकडे शिंपडलं. सर आले, तर मोटार काही केल्या चालू होईना. वायरी तपासल्या, फ्यूज बदलला. शेवटी त्यांनी वाकून सेन्सर हुंगला.

"ताई, पॅनलला वाटतंय, टाकी नारळपाण्यानं भरली."

*

पाइपाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची, म्हणजे पाणी झिरपत नाही. पण गुंडाळायचं काही हाती आलं की माझे हात थांबत नाहीत. वडाला गुंडाळते तशी गुंडाळतच राहिले, वर पुटपुटतही होते. पाइप सॉकेटात शिरेना. सर म्हणाले, एवढे वेढे नकोत, वरचे सोडा.

मी हात जोडले. "सर, सोडले तर आमच्या ह्यांना भोवंल."

सरांनी गुपचूप दुसरा पाइप आणला.

*

श्रावणातल्या सोमवारी दुपारपर्यंत माझं मौन असतं. नेमकं त्याच दिवशी टाकीवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे. मोटार मॅन्युअलवर, बटन सरांजवळ, सरांची पाठ माझ्याकडे. टाकी काठोकाठ आली. बोलायचं तर नाही, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. सरांना वाटलं, शिकवणं आवडलं. ते आणखी रंगात आले. बुटात पाणी शिरलं तेव्हा वळले.

अक्का म्हणाल्या, "रागावू नका सर. बारानंतर ती सांगणारच हुती."

*

परीक्षेला बाहेरचे साहेब आले. त्या दिवशी माझी संकष्टी, तीही निर्जळी. म्हटलं, गणपती बघून घेईल. साहेबांनी पाणी ओढणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह आधीच गुपचूप बंद करून ठेवला होता. मोटार ऑटोवर सुरू झाली, घरघरली आणि बंद पडली. कशानं बंद पडली ते सांगा, साहेब मला म्हणाले.

शिकवलेलं इंग्रजी नाव आठवेना. घसा सुकलेला. गावचं पंपघर डोळ्यांसमोरून ठेकेदाराच्या माणसाकडे निघालं. मी पंपाला हात लावून पाहिला. तापला होता.

"हिला पाणीच येईना साहेब. कोरडी चालली म्हणून पॅनलनं थांबवली."

मी व्हॉल्व्ह उघडला, पंपात पाणी भरलं. मोटार लागली, पाणी आलं.

साहेबांनी पास म्हटलं. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "ह्या बाईंना आधी कुणीतरी पाणी द्या."

ग्लास आला. अक्कांनी तो मधेच अडवला.

"ऱ्हाऊ द्या साहेब. ती ऑटोवर हाय. चंद्र दिसला की चालू हुईल."