चुना फासलेले दगड

आमचे मामंजी, लालासाहेब सुभेदार, फौजेतनं घरी आले त्याला लय वर्षं झाली, पण घरात अजून परेड चालती. मधी कोकणात मित्राकडं गेले. तिथं समुद्रकाठी कासवाच्या अंड्यांची राखण करत्यात, ती बघितली आणि झालं, डोक्यात खूळ शिरलं. आपल्या कृष्णेतबी कासवं हायत, म्हणाले, आपुन राखायची.

बाकीची घरटी कुत्र्यांनी उकरली. नदीकाठच्या मळीच्या रानाखाली वाळूत एकच ऱ्हायलं. त्याच्यावर वाळूचा ट्रॅक्टर जाऊ नये म्हणून ह्या माणसानं भोवतीनं दगड मांडले आणि त्यांना चुना फासला. फौजेत तशीच रीत म्हणं.

आता नदीकाठी चुन्याचे दगड बघून आमच्या गावाला दुसरं काय वाटणार? देवळात नंदीपुढं कासव असतंयच. कुणी हळदकुंकू वाहिलं, मग नारळ आला, मग दूध. मामंजी बोंबलून थकले, "आवं, दुधानं मुंग्या लागत्यात, अंडी नासतील." शेवटी नारळ थांबले, पण दूध काय थांबंना. मामंजी दुपारी जेवायला घरी यायचे. वाढायला मी, आत्ती म्हंजे सासूबाई तवा म्हशीकडं. जेवून परत जावं तर वाळू ओली. "घावू दे एकदा, तंगडं मोडतो," हे रोज ताटावर बसून. कान किटले माझे.

मागल्या आठवड्यात वाळूवर मुंग्यांची रांग लागली. मी आणि आत्ती बघायला गेलो, तर मामंजी पाठमोरे बसून हातानं उकरत हुते. मी वाकून बघितलं. सगळी अंडी नासलेली. आत्ती मागंच थांबल्या आणि रडायलाच लागल्या.

"मीच घालत हुते दूध. तुमचा जीव अडकलाय न्हवं ह्यात, म्हणून नवस बोलले. एखादं तरी पिल्लू निघंल का वं?"

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी वाळू परत लोटली.

"निघतील की," म्हणाले. "पर दूध बास आता."

तवापासनं आत्ती रोज सांजच्याला बघायला जात्यात, म्हणून ह्यो माणूस दिवसभर उन्हात नासक्या अंड्यांची राखण करत बसतोय. जेवायलाबी घरी येत न्हाई. आणि भाकरी घेऊन नदीपातूर हेलपाटे मी घालायचे.