अक्कांनी गॅसला हात लावला नाही

महानंदाअक्का घरात आल्या की आधी गॅसकडे बघायच्याच नाहीत. चपला दारात, हत्यारांची पिशवी ओट्याखाली, पदर कमरेला, आणि पहिला प्रश्न : "या गॅसवर रोजचा हात कोणाचा?"

या प्रश्नानं नांदेडातल्या किती घरांत तोंडं वाकडी झाली असतील देव जाणे. आमच्या शेजारच्या वकिलांनी एकदा ऐटीत "माझाच!" असं सांगून टाकलं. अक्का म्हणाल्या, "बरं. मीठ कुठं हाय?" वकीलसाहेबांनी तीन डबे उघडले. तिन्हींत डाळी. अक्कांनी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या बायकोच्या हातात दिला आणि वकिलांना बॅटरी धरून उभं केलं.

त्यांची पद्धतच ती होती. गॅस दुरुस्त करायचा तो त्यावर रांधणाऱ्यानं. अक्का बाजूला उभ्या राहून सांगणार, चुकलं तर रागावणार, पैसे मात्र पूर्ण घेणार. "मी काय, घंट्याभरात घरी जाईन," त्या म्हणायच्या. "पेटवायचं तुमाला हाय. आतून बघितला न्हाई तर जल्मभर भ्या वाटतंय त्याचं."

मूळच्या त्या उदगीरच्या. नवऱ्याचं गॅसदुरुस्तीचं दुकान, तो गेल्यावर त्यांनी चालवलं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, बोलणं तोफेसारखं. लईच चिडल्या तर कानडीत पुटपुटायच्या. ते समजत नसे, पण आपल्याबद्दल आहे एवढं नक्की समजे.

आमच्या घरी त्या आल्या त्या माझ्या वडिलांमुळे, आणि खरं सांगायचं तर माझ्यामुळे. अण्णांना त्याच्या दोन वर्षं आधी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. ते चालू-बोलू लागले, पण उजवा हात काही परत आला नाही. शर्टाची बटनं मी लावायची, भाकरी माझ्या बायकोनं, सुरेखानं, कुस्करून द्यायची. त्यांचं स्वतःचं असं एकच काम उरलं होतं : पहाटे पाचचा चहा. त्यासाठीच आम्ही बटन दाबून फिरवलं की आपोआप ठिणगी पडणारा गॅस घेतला होता. एका हाताचं काम.

एक दिवस मी दूध तापवायला ठेवलं आणि पेपर वाचत बसलो. दूध उतू गेलं, बटनातून आत उतरलं. दुसऱ्या दिवसापासून अण्णांचा पुढचा बर्नर नुसता फुस्स करायचा, ठिणगी नाही.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. बाकीचे तीन बर्नर त्याच सेलवर ठणठणीत पेटत होते, तरी मी सेल बदलले. मग त्याहून भारी सेल आणले. शेवटी वरचा पत्रा काढून बिघडलेल्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना गुंडाळून टाकल्या. सर्किट पूर्ण झालं. इतकं पूर्ण झालं की गॅस बंद असतानाही चारही बर्नर टकटक करू लागले. आम्ही जेवतोय, टकटक. पाहुणे बसलेत, टकटक. मी सेलच काढून ठेवले आणि घरात लायटर आणला.

लायटरला दोन हात लागतात, हे मला सुचलं नाही. अण्णांनी एका पहाटे बटन फिरवलं, लायटर घेतला, तो निसटला. वाकून उचलेपर्यंत गॅस पसरला होता. भप्प! भुवया जळाल्या, एवढ्यावर निभावलं. सुरेखा ओरडली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, आजपासून गॅसला हात लावायचा न्हाई. चहा मी देईन."

"हाव," अण्णा म्हणाले.

ती पाचला उठून चहा द्यायची. अण्णा अर्धा कप प्यायचे, अर्धा ठेवायचे. आठवडाभर हे बघून तिनंच अक्कांना फोन लावला.

"रोजचा हात कोणाचा?" अक्कांनी विचारलं. मी सुरेखाकडे बोट दाखवलं. सुरेखा म्हणाली, "माझा हाय, पण अडलंय अण्णांचं."

अक्कांनी खुर्चीतल्या अण्णांकडे बघितलं. हात जोडले. "शरणार्थ अण्णा. उठा."

"अक्का, त्यांचा हात..." मी मध्ये पडलो.

"दुसरा हाय की." मग पत्रा उचलायला लावून आत डोकावल्या. "ह्या वायरी कोणी गुंडाळल्या?"

मी छताकडे बघू लागलो. "फिजिक्सच्या सरांनी," सुरेखा म्हणाली.

"पोरं पास होतात का वो सर तुमची?"

तसला स्विच नांदेडात मिळेना. अक्कांनी लातूरच्या भाच्याला फोन केला, भाच्यानं तो एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिला, आणि मी दीड तास बसस्टँडवर लातूरच्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला "माझं काही आलंय का?" विचारत फिरलो. शेवटी मिळाली ती एक काडेपेटी. आत सुपारीएवढा स्विच. मी तो हिरा आणल्यासारखा घरी आणला.

रेग्युलेटर बंद. बटनं ओढून काढली. अण्णांनी डाव्या हातानं जुना स्विच उपसला. "दूध पिऊन मेलाय," अक्का म्हणाल्या. आता नवा बसवायचा होता. बटनाच्या दांड्याची एक बाजू सपाट असते, स्विचच्या भोकाचीही. दोन्ही जुळल्या तरच तो खाली उतरतो. पहिल्यांदा तो घसरला. दुसऱ्यांदा घरंगळत नळीखाली गेला. अण्णांच्या कपाळावरून घाम गळू लागला. सुरेखानं तोंड फिरवलं. मला राहवलं नाही, मी हात पुढे केला.

"सर, हात मागं!" अक्कांचे स्वतःचे दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळलेले होते. तेव्हा समजलं, त्यांनाही आवरणं जड जात होतं. "अण्णा, डोळ्यानं बघू नका. बोटाला विचारा, सपाट कुठं लागून राहिलं?"

अण्णांनी डोळे मिटले. अंगठा सावकाश फिरला. थांबला.

खट्ट!

मग वायरी सोडवून जागच्या जागी खोचल्या, पत्रा, बटनं, सेल. सुरेखानं साबणाचा फेस लावून गळती बघितली. "हं. पेटवा," अक्का म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या.

टक टक टक... भक्क! निळी गोल ज्योत!

मी असा ओरडलो की शेजारचे वकील धावत आले. अण्णा हसत होते, डोळे पुसत होते, आणि दोन्हींसाठी हात एकच असल्यानं त्यांची धांदल उडाली होती. सुरेखा पुढे झाली. भांडं त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "अण्णा, उद्या पाचला माझाही अर्धा कप टाका."

पुढं वर्षभरानं अक्कांनी दुकान बंद केलं. गुडघे गेले होते, लातूरला मुलीकडे राहायला निघाल्या. सामानानं भरलेली रिक्षा आमच्या फाटकापाशी थांबवून निरोप घ्यायला उतरल्या. रिक्षावाला घड्याळ दाखवत होता, गाडी चुकायची वेळ आली होती. मी आत हाक मारली, "अण्णा, अक्का निघाल्या!"

आतून आवाज आला, "थांबवा त्यांना! उकळी येऊन राहिली."

अक्का उंबऱ्यावर बसल्या. पाय पसरले. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "मशीन बंद कर रे. दुसरी गाडी बघू."