एका होडीवर दोन तांडेल

शनिवार, १२ डिसेंबर, दुपारी चार. शिरगाव, रमणचं घर. हजर: रमणची बायको सुमन, त्याचा मोठा भाऊ, शेजारच्या तीन बायका आणि मी. आमच्या दवाखान्याच्या समितीतले सातही जण गैरहजर. रमणला जाऊन वीस दिवस झाले होते. हृदय बंद पडलं, वय बेचाळीस. सुमनने चहा दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुमीच सांगा. आमच्या मानसानं तुमचं मशीन खरंच बिघडवलेलं काय?" मी म्हटलं, "नाही गं." ती पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली... मी चहा संपवला.

बोईसरच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी चालणाऱ्या त्या दवाखान्यात मी नोंदी सांभाळते. दोन वर्षांपूर्वी नवा कॉम्प्युटर आला. पण कोणाच्या छातीत कधीपासून घरघर आहे, कोणाला कसलं औषध चालत नाही, ते सगळं जुन्या मशीनच्या हार्ड डिस्कवर होतं. ती डिस्क नव्या मशीनमध्ये बसवायला रमण आला. टीव्ही दुरुस्त करता करता तो कॉम्प्युटर शिकला होता. अवजारं पत्र्याच्या डब्यात, आणि डब्याला सुकटीचा वास. झाकण उघडण्याआधी तो खिडकीच्या गजाला हात लावायचा, अंगातली वीज उतरवायला. मी लिहून घेते म्हटल्यावर त्याने नीट समजावलं, "होडीवर हुकूम देनारा तांडेल एकच, ताई. नवी डिस्क तांडेल, जुनी खलाशी. दोघी तांडेल झाल्या तर होडी हलायची नाय." असं म्हणत त्याने जुन्या डिस्कच्या पिनांवरून तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी काळी टोपी उपसली आणि टेबलावर ठेवली. मशीन सुरू झालं, जुनी नावं पडद्यावर आली. "आता मलापन यादीत टाका, नायतर इसराल," तो हसला. झाकणाचे स्क्रू आखूड पडत होते, म्हणून उद्या नवे आणतो सांगून गेला.

टेबलावर सुटी वस्तू मला सहन होत नाही. जुन्या डिस्कच्या लेबलवरच्या पहिल्याच चित्रात ती टोपी पिनांवर बसलेली होती. रमणकडून राहून गेली असेल, असं धरून निघण्यापूर्वी मी ती बसवली. सकाळी पंखा फिरला, पडदा मात्र काळा. त्याच दिवशी समितीची बैठक होती. रमण स्क्रू घेऊन आला, तर अध्यक्षांनी त्याला दारातच गाठलं, "मच्छीवाल्याला मशीनला हात लावू दिला, चूक आमचीच." रमणने गजाला हात लावला, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या टोपीने जुनी डिस्कही तांडेल झाली होती; त्याने ती चिमट्याने उपसली. मशीन सुरू. एकही नोंद गेली नव्हती.

"मग बंद कशानं पडलं?" अध्यक्षांनी विचारलं.

बैठकीच्या कागदावर तिसरा विषय होता, मला नोकरीत कायम करण्याचा. तो कागद मी आदल्या दिवशी रमणसमोरच टाइप केला होता. मी बैठकीचे कागद सरळ करत राहिले. "माझीच रायली असेल लावलेली," तो म्हणाला. निघताना एवढंच बोलला, "ताई, तुमच्या टेबलावर काय पडून रायत नाय, ते माज्या ध्यानात रायलं नाय."

अध्यक्षांच्या ओळखी बऱ्याच. महिन्याभरात पाम गावापासून तारापूरपर्यंत रमणला कोणी कारखान्याच्या गेटच्या आत घेईना. तो भावाच्या होडीवर जाऊ लागला, खलाशी म्हणून. मी कायम झाले.

या दोन वर्षांत मी शिरगावला एकदाही गेले नाही. गेले ती तो नसताना. ती डिस्क अजून चालते. रोज सकाळी तिचा खरखर आवाज येतो, जुनी नावं उघडतात, आणि बटण दाबण्याआधी माझा हात आपोआप खिडकीच्या गजाकडे जातो. लोक हसतात. अध्यक्षांना मी गेल्या सोमवारी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता काय उपयोग?" आणि पुढच्या कागदावर सही केली.

हे वर्तमानपत्र सुमनच्या घरी येत नाही. म्हणून तर इथे लिहिणं सोपं गेलं. आजच्या माझ्या यादीत चार कामं होती, तीनवर खूण झाली. चौथं काम गेले कित्येक दिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवते आहे: शिरगावला जाणे, सुमनला पुढचं वाक्य सांगणे.