बॅटरीकाकांचा शब्द

बॅटरीकाकांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. गल्लीला ते बॅटरीकाका म्हणूनच ठाऊक. सदऱ्याच्या वरच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे ते एक छोटी बॅटरी ठेवत. कुणी अंडं आणलं की ती काढायची, अंड्याच्या रुंद बाजूला टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा. 'आहे' किंवा 'नाही'. तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

ही सवय नोकरीतली. एका मोठ्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या कारखान्यात, त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. काळोखी खोली, टेबलाला एक भोक आणि भोकाखाली दिवा. अंडं त्या उजेडाला धरायचं आणि आत जीव आहे की नाही ते ठरवायचं. जीव असलेलं डावीकडे, बाकीचं उजवीकडे, एका अंड्याला फार तर दोन सेकंद. त्यांच्या मागून ती अंडी कुणी तपासत नसे. साहेब म्हणायचे, "यांनी बघितलं ना? मग झालं." हे वाक्य काकांनी घरी इतक्यांदा ऐकवलं होतं, की भाजी चिरताचिरता काकूच ते पूर्ण करायच्या.

निवृत्त झाल्यावर काका दोन महिने घरात येरझाऱ्या घालत राहिले. तिसऱ्या महिन्यात घरातला जुना फ्रीज बंद पडला आणि त्यांना काम मिळालं. त्यांनी फ्रीजचे कप्पे काढले, आत दोन दिवे, एक छोटा पंखा आणि पाण्याचं ताट ठेवलं आणि उबवणीची पेटी तयार केली. जन्मभर गार करत आलेल्या बिचाऱ्याला म्हातारपणी ऊब द्यायला लावली, असं काकू येईल त्याला सांगत. पण पेटी चालली. आसपासच्या आठदहा घरांत कोंबड्या होत्या, ते लोक अंडी घेऊन येऊ लागले. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीखालची अंडीसुद्धा तपासायला आणू लागले. काका पैसे घेत नसत. त्यांना फक्त समोरच्याने मान डोलवून "काका म्हणाले म्हणजे झालं" असं म्हणायला हवं असायचं, आणि लोक म्हणतही.

गेलं वर्षभर मात्र त्यांची बॅटरी नीट चालत नव्हती. सेल टिकत नव्हते. पूर्वी दोन महिने जाणारे सेल आता पंधरवड्यात उतरत. काका दुकानदाराशी भांडले, दुसऱ्या दुकानातून सेल आणले, मग बॅटरीच बदलली. हल्ली कुठल्याच मालात राम राहिला नाही, हे त्यांचं ठाम मत झालं होतं. पेटीतला तापमानाचा आकडाही ते वाचत नसत. अंडं पापणीला लावलं की उष्णता कळते, आकडे नवशिक्यांना लागतात, असं ते म्हणत आणि वर काकूंना आकडा वाचायला लावत.

अशात एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या टेलरताई टोपली घेऊन वर आल्या. बाई मोठ्या धीराच्या. नवरा गेल्यापासून पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून त्यांनी घर चालवलं होतं. त्या दिवशी मात्र पायरीवरच बसल्या. भटक्या कुत्र्याने खुराड्याची जाळी उचकटून कोंबडी आणि कोंबडा दोन्ही मारले होते.

कोंबडी गेली तर दुसरी आणता येते, हे त्यांनाही कळत होतं. पण ही राखाडी, मानेवर पांढरे ठिपके असलेली जात त्यांच्या वडिलांची होती. लग्न होऊन येताना त्या एक कोंबडी मांडीवर घेऊन आल्या होत्या, आणि तिच्या पोटची तिच्या पोटची करत सव्वीस वर्षं ती साखळी चालली होती. मधल्या काळात आईवडील गेले. भावाने घर विकलं आणि तो कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. माहेरचं म्हणावं असं जे हलतंबोलतं उरलं होतं, ते खुराड्यात होतं. आता टोपलीत अकरा अंडी होती. प्रत्येकावर त्यांनी कापडावर खुणा करायच्या खडूने आकडे घातले होते.

"एवढीच आहेत, काका," त्या म्हणाल्या. "यातून काय निघेल ते."

काकांनी अंडी हातात तोलली. काळजी करू नकोस म्हणाले. अंडी पेटीत गेली आणि काका डोळ्यांत तेल घालून त्यांच्याभोवती राहिले. दिवसातून तीनदा ती अर्धी फिरवायची, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. ती फिरवायला त्यांनी काकूंनाही हात लावू दिला नाही.

सातव्या दिवशी दुपारी त्यांनी मधल्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावला, बॅटरीत नवे सेल घातले आणि टेलरताईंना बोलावलं. सातव्या दिवशी जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं पसरलेलं दिसतं आणि मध्ये एक काळा ठिपका. त्यांनी एकेक अंडं धरलं. पाच अंड्यांवर ते 'आहे' म्हणाले. सहा अंड्यांत त्यांना पिवळ्या धुक्याशिवाय काही दिसलं नाही. एकदोनदा त्यांनी बॅटरी तळहातावर आपटलीसुद्धा. मग ते म्हणाले, "नाही. सहा रिकामी. कोंबडा म्हातारा होता ना तुझा."

टेलरताईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी मान डोलवली. "काका म्हणाले म्हणजे झालं," म्हणाल्या आणि खाली गेल्या. रिकामी अंडी पेटीत ठेवली तर सडतात, फुटून घाण करतात, म्हणून काकांनी ती सहा एका वाडग्यात घालून मागच्या गॅलरीत ठेवली. अशी अंडी काकू सकाळी फोडून कुंड्यांच्या मातीत मिसळत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गॅलरीतून आत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बशी होती. ती त्यांनी काकांच्या समोर टेबलावर ठेवली. काका वाकले. आणखी वाकले. त्यांना बशीत काहीतरी लाल दिसलं.

"पहिली दोन रिकामी होती," काकू म्हणाल्या. "हे तिसरं. फोडलं तेव्हा हलत होतं. आता थांबलंय."

"कुठे काय? रक्ताचा डाग असेल."

"डोळा आहे त्याला, अहो. काळा डोळा. तुम्हाला दिसत नाही का?"

काकांनी बशी उचलून नाकापर्यंत नेली. मग खाली ठेवली आणि सवयीने म्हणाले, की सेल उतरले असणार, कालचे सेलच खराब निघाले.

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. काकांनी उतरले म्हणून टाकून दिलेले सेल त्या आठ महिने याच घड्याळात घालत होत्या, आणि घड्याळ मिनिटभरही मागे पडलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांच्या ओठांवर आली असावी, पण त्यांनी ती गिळली. बशीकडे बघून कुणालाही ती म्हणवली नसती.

"मग बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

"दोनदा बोलले. तुम्ही दोन दोन दिवस जेवला नाहीत. मग धरली तोंडात मिठाची गुळणी." त्या खुर्चीत बसल्या. "चूक माझीही आहे."

वाडग्यात तीन अंडी उरली होती. रात्रभर गारठ्यात होती. काकांनी ती पुन्हा पेटीत ठेवली. त्यातलं कुठलं जिवंत, कुठलं रिकामं, हे आता त्यांना सांगता येत नव्हतं. पेटीचं दार लावून ते तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, की खाली सांगायची काही गरज नाही. तीन ठेवलीत, जगली तर जगतील. उगाच त्या बाईच्या जिवाला घोर कशाला?

"मी नाही सांगणार," काकू म्हणाल्या. "न बोलायची मला सवय झालीय."

तो दिवस काकांनी पेटीजवळच्या स्टुलावर काढला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्यांनीच आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्यांना एकेक आठवू लागलं. वर्षभरात किती जणांची अंडी त्यांनी अशीच उजवीकडे ठेवली? किती घरांतले कोंबडे त्यांनी म्हातारे ठरवले? आणि डोळे नक्की कधीपासून मंद झाले? नोकरीच्या शेवटच्या वर्षी साहेबांनी खोलीतला दिवा बदलला होता, तेव्हाही उजेड कमी पडतो अशी तक्रार त्यांनीच केली होती. तिथे एका दिवसात हजारो अंडी त्यांच्या हाताखालून जात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या कामाची भीती वाटली.

पुढच्या दिवशी दुपारी ते जिना उतरले. टेलरताई मशीनवर होत्या. काकांनी बसायला नकार दिला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. "ताई, मला दिसत नाही. त्या सहांतलं एक जिवंत निघालं. तीन परत ठेवलीत, पण त्यांचं काय झालंय ते मला कळत नाही."

मशीन थांबलं. टेलरताईंनी सुईखालचं कापड बाहेर काढलं, दोरा तोडला आणि कापडाची घडी घातली. मग विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

"वर्षभर असेल. जास्तही असेल."

"गेल्या वर्षी मी आठ अंडी आणली होती," त्या हळूच म्हणाल्या. "सहा रिकामी म्हणाला होतात. दोन पिल्लं निघाली. त्यातला एक तो कोंबडा, एक ती कोंबडी. बाकीची असती, तर त्या दिवशी माझ्याकडे नुसती टोपली राहिली नसती."

काकांना ती आठ अंडी आठवतच नव्हती. त्यांच्या दृष्टीने ती नुसती अंडी होती, दोन डावीकडे आणि सहा उजवीकडे. टेलरताई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी ओरडलेलं काकांना बरं वाटलं असतं.

"चला," त्या उठत म्हणाल्या. "कसं बघायचं ते दाखवा मला."

मधल्या खोलीत पुन्हा पडदा लागला. काकांनी बॅटरी त्यांच्या हातात दिली. ती दुसऱ्या कुणाच्या हातात त्यांनी आजवर दिली नव्हती. टेलरताईंनी आठही अंडी बघितली आणि जे दिसलं ते आपल्या भाषेत सांगितलं. काकांनी निवडलेल्या पाचांत लाल दोऱ्यांचा बारीक गुंता होता. ती पाच बरोबर होती. परत ठेवलेल्या तिनांपैकी चार नंबरच्या अंड्यात काहीच नव्हतं. नऊ नंबरच्या अंड्यात गुंता होता, जरा फिका. सात नंबरचं त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं.

"यात दोरे नाहीत. कडेने एक लाल गोल आहे, बांगडीसारखा. म्हणजे काय?"

काकांना त्या क्षणी काहीही सांगता आलं असतं. "म्हणजे गेलं," ते म्हणाले. "आधी जिवंत होतं. रात्री बाहेर ठेवलं म्हणून गेलं असेल."

टेलरताईंनी ते अंडं वेगळं ठेवलं. त्या दिवसापासून रोज तीनदा वर येऊन अंडी त्या स्वतः फिरवू लागल्या. पेटी काकांची, बोलणं कामापुरतं. काका सांगत आणि त्या करत. दरम्यान काकूंनी काकांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू पुरता पिकला होता. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. काका गल्लीत घरोघरीही जाऊन आले. वर्षभरात तुमची अंडी मी चुकीची ठरवली असतील, असं त्यांनी एकेकाला सांगितलं. बहुतेकांना काही आठवत नव्हतं. एकाने तर हसून पाठ थोपटली, अंड्यांचं काय एवढं काका म्हणाला. तिथून ते जास्तच खचून परत आले.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद झालं. एकविसाव्या दिवशी कवचांना तडे गेले आणि संध्याकाळपर्यंत चार पिल्लं बाहेर आली, ओली, राखाडी. पाचव्याने कवचाला भोक पाडलं आणि तिथेच त्याचा जीव गेला. बाविसाव्या दिवशी सकाळी चारही पिल्लं वाळून खोक्यात किलबिलत होती. टेलरताईंनी त्यांच्या माना बोटाने चाचपल्या. ठिपके दिसायला अजून वेळ होता, आणि चारांत कोंबड्या किती, कोंबडे किती, हे कळायला त्याहून जास्त.

पेटीत नऊ नंबरचं अंडं तसंच होतं. ना तडा, ना आवाज. दुपार झाली तरी तसंच. काकूंनी अंदाज केला, की गारठ्याने गेलं असेल बिचारं, आता ठेवण्यात अर्थ नाही. टेलरताईंनी अंडं बाहेर काढून बॅटरी लावली. आत सगळा काळोख होता, काहीच ओळखू येईना. त्यांनी काकांकडे बघितलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं.

"तुम्ही बघा," त्या म्हणाल्या.

"माझ्या डोळ्यांना काय कळणार?"

"डोळ्यांनी नका बघू. एकतीस वर्षं हातात घेतलीत ना?"

काकांनी अंडं घेतलं. तळहातावर ठेवलं, मग कानाला लावलं आणि डोळे मिटले. काकूंनी खोक्यावर फडकं टाकलं, पिल्लं गप्प झाली. बराच वेळ काका हलले नाहीत. गारठलेलं अंडं एखादा दिवस मागे पडतं, हे त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि ऐकू येणं वेगळं, आणि आता चुकायचं नव्हतं. आतून काहीतरी एकदा खरवडलं. मग थांबलं. मग पुन्हा.

"आहे," ते म्हणाले.

पूर्वी हा शब्द आला की लोक मान डोलवत. टेलरताईंनी मान डोलवली नाही. त्यांनी काकांच्या हातातून अंडं घेतलं आणि आपल्या कानाला लावलं. काका त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. तो चेहरा त्यांना धूसर दिसत होता, त्यावर काय उमटतंय ते कळत नव्हतं, आणि त्यांचा सगळा जीव त्या बाईच्या एका शब्दावर येऊन थांबला होता.

"आहे," टेलरताई म्हणाल्या.

काकांनी पेटीचं दार उघडून धरलं.